खाडी न बुजवता किनाऱ्याची रेषा सोपी करणे

शाळेत पाठ केलेला महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा. केंद्र सरकारच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर झाला, आणि देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ वर गेला. समुद्र काही एवढा मागेपुढे सरकलेला नाही. केंद्राची जुनी लांबी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून काढलेली होती, नवी १:२,५०,००० च्या. नकाशा जितका बारीक, तितक्या खाड्या, टोके आणि खाचा रेषेत येतात आणि तितकी ती लांब भरते.

संगणकावर नकाशा करताना आपल्याला बहुतेक वेळा याच्या उलट दिशेने जावे लागते. बारीक रेषा हातात असते आणि तिच्यातले बिंदू मुद्दाम गाळायचे असतात. सॉफ्टवेअरमध्ये याला सिम्प्लिफाय म्हणतात. एक बटण, एक आकडा, झाले. एवढे सोपे दिसते म्हणूनच नवखा माणूस फारसा विचार न करता ते दाबतो, आणि कोकणच्या किनाऱ्यावर पहिल्याच फटक्यात खाडी बुजते, बेट नाहीसे होते, दोन तालुक्यांमध्ये फट पडते. गुजरातच्या सीमेपासून तेरेखोलपर्यंत आपला किनारा इतका खाचाखोचांचा आहे की सपाट किनाऱ्यावर खपून जाणारी ढिलाई इथे लगेच उघडी पडते.

पुढे जे सांगतो आहे ते क्यूजीआयएस हे नकाशे करायचे मोफत सॉफ्टवेअर नुकतेच वापरू लागलेल्यांसाठी आहे. उदाहरणाला सिंधुदुर्ग जिल्हा घेतला आहे. रायगड-रत्नागिरीवाल्यांनी आपापल्या खाड्यांची नावे घालून वाचावे.

गरज आहे का, ते आधी बघा

तुमची फाइल हलकी आहे, नकाशा फक्त तुमच्याच संगणकावर उघडणार आहे आणि छापायचा नाही, तर रेषेला हात लावू नका. सोपे करण्याची खरी कारणे दोन. पहिले, नकाशा वेबवर जाणार आणि वाडीतल्या अर्ध्या नेटवर्कवर मोबाइलमध्ये उघडणार. दुसरे, तो लहान कागदावर छापला जाणार. छापताना बारीक रेषेचा त्रास वेगळाच असतो: खाडीच्या दोन काठांवरचे शेकडो बिंदू एका मिलिमीटरात कोंबले जातात आणि तिथे नुसता काळा डाग दिसतो. मालवणच्या खडकाळ भागात हे हमखास होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिने बरेच जण गोंधळतात. क्यूजीआयएसमध्ये लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये रेंडरिंग या पानावर ‘सिम्प्लिफाय जॉमेट्री’ असा एक पर्याय असतो, आणि रेषा व पॉलिगॉन (बंद आकृत्या) यांच्यासाठी तो सहसा चालूच असतो. त्याने फक्त पडद्यावरचे चित्र लवकर उमटते. फाइलमधला एकही बिंदू कमी होत नाही. म्हणून पडद्यावर रेषा सोपी दिसली म्हणजे ती सोपी झाली असे समजू नका, आणि दोन रेषा बारकाईने ताडून पाहायच्या असतील तेव्हा तो पर्याय बंद करा.

पहिली पायरी: नकाशाचे प्रमाण ठरवा

सिम्प्लिफायला जो आकडा द्यायचा, म्हणजे किती बारीक वळणे गाळायची त्याची मर्यादा, त्याला टॉलरन्स म्हणतात. ‘टॉलरन्स किती ठेवू?’ हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये शोधतात. ते तिथे नाही. नकाशा कुठे आणि किती मोठा दिसणार, यावर ते अवलंबून आहे. म्हणून हे गणित क्यूजीआयएस उघडण्याआधी कागदावर करावे.

सिंधुदुर्ग जिल्हा उत्तर-दक्षिण साधारण ११५ किलोमीटर आहे. ए-फोर कागद उभा धरला तर शीर्षक आणि सूची सोडून नकाशाला २३-२४ सेंटिमीटर उंची मिळते. म्हणजे प्रमाण १:५,००,००० धरायला हरकत नाही. या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. छापील नकाशातली बारीक रेषा साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची असते. ०.२ मिलिमीटर म्हणजे १०० मीटर. शंभर मीटरहून लहान वळण त्या रेषेच्या जाडीतच बुडणार आहे, मग ते फाइलमध्ये ठेवून उपयोग काय? तुमचा टॉलरन्स १०० मीटर.

हाच हिशेब कोणत्याही प्रमाणाला लावा. १:५०,००० चा तालुक्याचा नकाशा असेल तर ०.२ मिलिमीटर म्हणजे १० मीटर. १:१०,००,००० वर अख्खे कोकण दाखवायचे तर २०० मीटर.

वेबच्या नकाशाला प्रमाणाऐवजी झूमचा हिशेब असतो. आपल्या अक्षांशावर झूम १० ला एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ १४७ मीटर, १२ ला ३७ मीटर आणि १४ ला ९ मीटर. वाचक जास्तीत जास्त जिथवर झूम करू शकेल त्या पातळीचा एक पिक्सेल घ्या, आणि मनात धाकधूक असेल तर त्याच्या निम्मे. झूम १२ वर थांबणाऱ्या नकाशाला २० मीटर पुष्कळ झाले.

मासेमारीच्या जाळ्याला आस, म्हणजे भोकाचे माप, असतो, तसा हा टॉलरन्स समजा. आसाहून लहान ते निसटून जाते. कोणती मासळी हवी ते ठरवल्याशिवाय जाळे कोणी विणत नाही.

दुसरी पायरी: हातातली रेषा ओळखा

किनाऱ्याची रेषा बहुतेक जण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून घेतात. क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम हे प्लगइन बसवले की ती थेट उतरवता येते. ही रेषा भरतीच्या पाण्याच्या कडेने काढायची, आणि रेषेच्या दिशेने पाहिले की जमीन डाव्या हाताला, पाणी उजव्या हाताला, असा तिथला नियम आहे. बिंदू किती दाट असतील ते ज्याने रेखाटले त्याच्या हातावर असते. एखाद्या पुळणीवर सरळ लांब तुकडे दिसतील, तर शेजारच्या खडपात प्रत्येक दगडाला वळसा घातलेला असेल.

सोपे करायला घेण्याआधी खाड्यांची मुखे बघा. किनाऱ्याची रेषा कर्लीच्या खाडीत किती आत जाते? विजयदुर्गच्या खाडीत? काही ठिकाणी ती खाडीच्या तोंडावर आडवी जाते आणि आतले पाणी वेगळ्या पॉलिगॉनमध्ये असते. काही ठिकाणी ती दोन्ही काठांनी आत शिरते. दोन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये सापडू शकतात. हे आधी एकसारखे करून घेतले नाही तर पुढे एक खाडी दिसेल, दुसरी दिसणार नाही, आणि खापर सिम्प्लिफायवर फुटेल.

मग प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर बसवायची पद्धत. उतरवलेली फाइल बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत असते. क्यूजीआयएसच्या सिम्प्लिफायमध्ये टॉलरन्सच्या खान्यात आधीपासून १ हा आकडा लिहिलेला असतो, आणि तो लेअरच्या एककात धरला जातो. लेअर अंशांत असेल तर १ म्हणजे एक अंश, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. जवळजवळ तेवढाच आपला जिल्हा उंच आहे. ‘रन’ दाबल्यावर जे उरते त्याला सिंधुदुर्ग म्हणायला जीभ वळणार नाही.

उपाय सोपा आहे. टूलबॉक्समधून ‘रिप्रोजेक्ट लेअर’ घ्या आणि यूटीएम झोन ४३ उत्तर निवडा, त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा आहे, त्यामुळे पालघरपासून सावंतवाडीपर्यंत सगळे कोकण त्यात बसते. आता एकक मीटर झाले आणि आपण कागदावर काढलेला १०० हा आकडा जसाच्या तसा वापरता येतो. नुसते लेअरचे सीआरएस, म्हणजे तिला लावलेले प्रोजेक्शनचे नाव, बदलून भागत नाही. त्याने आकडे तेच राहतात आणि जिल्हा भलतीकडेच जाऊन बसतो. रिप्रोजेक्ट करून नवी फाइलच काढायची.

तिसरी पायरी: पद्धत निवडा

टूलबॉक्समध्ये ‘व्हेक्टर जॉमेट्री’ गटात ‘सिम्प्लिफाय’ आहे. त्यात तीन पद्धती दिसतात: अंतराची, ग्रिडची आणि क्षेत्रफळाची. ग्रिडची सध्या बाजूला ठेवा. ती सगळे बिंदू चौकटीच्या जाळीवर ओढून बसवते, आणि त्याने किनारा पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. उरलेल्या दोन मात्र नीट समजून घ्याव्यात, कारण खाडीचे काय होणार ते इथेच ठरते.

अंतराची पद्धत डग्लस आणि पॉयकर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९७३ मध्ये मांडली, रेमर यांनी १९७२ मध्येच तशीच युक्ती सांगितली होती. रेषेचा पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ जोडायचा. मधल्या बिंदूंपैकी या सरळ रेषेपासून सगळ्यात लांब कोणता ते पाहायचे. तो टॉलरन्सपेक्षा लांब असेल तर ठेवायचा, रेषेचे तिथे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागात पुन्हा हेच. एखाद्या भागात कोणताच बिंदू तेवढा लांब नसेल तर मधले सगळे गाळायचे. यात एक हमी मिळते: गाळलेला कोणताही बिंदू नव्या रेषेपासून टॉलरन्सपेक्षा जास्त लांब नसतो. शंभर मीटर म्हटले तर शंभर मीटरच.

क्षेत्रफळाची पद्धत विश्वलिंगम आणि व्हायट यांची, १९९३ ची. तीत प्रत्येक बिंदू आणि त्याचे दोन शेजारी मिळून जो त्रिकोण होतो त्याचे क्षेत्रफळ काढतात. सगळ्यात लहान त्रिकोणाचा बिंदू काढून टाकायचा, शेजाऱ्यांचे त्रिकोण नव्याने मोजायचे, पुन्हा सगळ्यात लहान शोधायचा. मर्यादा गाठेपर्यंत असे चालते.

कागदावर दोन्ही सारख्याच वाटतात. आता आचरा किंवा तेरेखोलसारखी अरुंद, आत वळत गेलेली खाडी घ्या. अंतराची पद्धत खाडीचे सगळ्यात आतले टोक ठेवते, कारण ते मुखापासून कितीतरी लांब आहे. काठांवरची वळणे मात्र गाळते. त्यामुळे खाडी उरते पण सुईसारखी होते, आणि कधी कधी तिचे दोन काठ एकमेकांना छेदून जातात. क्षेत्रफळाची पद्धत उलट वागते. खाडी अरुंद म्हणून तिच्या टोकाचा त्रिकोण लहान. तो बिंदू गेला की पुढचा टोकाला येतो, त्याचाही त्रिकोण लहान. अशी आतून बाहेरच्या दिशेने खाडी हळूहळू भरून येते आणि किनारा दिसायला छान, गुळगुळीत राहतो. इतका छान की खाडी गेली हे लक्षातच येत नाही.

देवबागच्या पट्ट्याचे तेच. एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी जमीन. अंतराच्या पद्धतीत ती टोकदार काडी होते किंवा स्वतःलाच छेदते. क्षेत्रफळाच्या पद्धतीत ती आखूड होत होत गाव समुद्रात जाते.

माझे मत विचाराल तर छापील नकाशाला, जिथे टोके आणि बंदरे नेमकी जागेवर हवीत, तिथे अंतराची पद्धत घ्यावी आणि बिघडलेल्या खाड्या हाताने दुरुस्त कराव्यात. अख्ख्या राज्याचा किंवा देशाचा लहान नकाशा असेल, जिथे नुसता आकार डोळ्याला बरा दिसायला हवा, तिथे क्षेत्रफळाची. तोच आकडा दोन्ही पद्धतींना देऊन सारख्या निकालाची अपेक्षा मात्र करू नका. एकीत तो अंतर म्हणून वापरला जातो, दुसरीत क्षेत्रफळाच्या हिशेबाने.

चौथी पायरी: चालवा

यात सांगण्यासारखे थोडेच आहे. इनपुटला यूटीएममधली फाइल द्या, पद्धत निवडा, टॉलरन्स १०० लिहा, आउटपुट जिओपॅकेज या प्रकारच्या फाइलमध्ये साठवा. शेपफाइल हा जुना प्रकार टाळण्याचे कारण असे की तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच अक्षरांची जागा असते आणि मराठी नावे हमखास तुटतात. मूळ फाइलवर कधीही लिहू नका. नव्या फाइलच्या नावातच प्रमाण आणि टॉलरन्स घाला, ‘किनारा पाच लाख टॉल शंभर’ असे काहीतरी. दोन महिन्यांनी उघडाल तेव्हा स्वतःचेच आभार मानाल.

पुढच्या वेळी २०० मीटरची रेषा हवी असेल तर ती मूळ रेषेपासूनच करा. शंभरच्या रेषेवर पुन्हा सिम्प्लिफाय चालवले की मूळ किनाऱ्यापासून किती ढळलो याची हमी संपते.

पाचवी पायरी: शेजाऱ्यांच्या सीमा

आतापर्यंत एकच रेषा होती. खरी कसोटी तालुक्यांचे पॉलिगॉन आले की लागते. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. मालवण आणि कुडाळ यांची सीमा नकाशावर एकच दिसते, पण फाइलमध्ये ती दोनदा लिहिलेली असते, एकदा मालवणच्या पॉलिगॉनमध्ये आणि एकदा कुडाळच्या. साधे सिम्प्लिफाय प्रत्येक पॉलिगॉन सुटा सुटा हाताळते. दोघांची सुरुवात वेगळ्या बिंदूपासून झाली की गाळलेले बिंदूही वेगळे होतात. कुठे दोन तालुक्यांमध्ये पांढरी फट पडते, कुठे एक तालुका दुसऱ्यावर चढतो. जमिनीच्या वादांची हौस असलेल्या आपल्या मुलखात असा नकाशा भिंतीवर लावू नये.

यावर तीन वाटा आहेत.

नवख्यासाठी सगळ्यात सोपी वाट मॅपशेपर. हे ब्राउझरमध्ये चालणारे मोफत साधन आहे आणि फाइल तुमच्याच संगणकावर राहते, कोणत्या सर्व्हरवर चढत नाही. शेपफाइल असेल तर तिच्या एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे अशा सगळ्या फाइली एकत्र ओढून टाका. नुसती एसएचपी टाकली तर आकार येतील, तालुक्यांची नावे येणार नाहीत. वर सिम्प्लिफाय दाबले की पद्धत विचारली जाते आणि ‘प्रिव्हेंट शेप रिमूव्हल’ अशी एक चौकट दिसते. तिच्यावर खूण करा. ती नसेल तर लहान बेटे गुपचूप गळतात. मग वरची पट्टी सरकवत जा, रेषा डोळ्यांदेखत सोपी होत जाते. मॅपशेपर सामायिक सीमा एकदाच मोजते, म्हणून शेजारी तालुके एकमेकांना चिकटूनच राहतात. रेषा कुठे छेदल्या गेल्या तर त्यांची संख्या दिसते आणि शेजारी ‘रिपेअर’ असते, ते दाबा. पट्टी टक्क्यांत चालते, मीटरमध्ये नाही, एवढे लक्षात ठेवा. मीटरचाच आग्रह असेल तर कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीतून, इंटर्व्हल देता येतो.

दुसरी वाट क्यूजीआयएसमधूनच चालणारे, ग्रास या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरचे ‘व्ही जनरलाइझ’. त्यात पद्धती भरपूर आहेत आणि सामायिक सीमा सांभाळली जाते, पण खाने इतके की नवखा बावरतो. तिसरी वाट म्हणजे क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांतली ‘कव्हरेज’ नावाची साधने. तीही शेजारच्या पॉलिगॉनना एकत्र सोपे करतात, आणि बाहेरची कड तशीच ठेवून फक्त आतल्या सीमा सोप्या करायचा पर्यायही देतात. किनारा आधीच मनासारखा झाला असेल तर हा पर्याय सोन्यासारखा आहे. मात्र मूळ पॉलिगॉनमध्ये आधीपासून फटी असतील तर यातले काहीच नीट चालत नाही. फटी आधी बुजवाव्या लागतात.

आता तेरेखोलकडे बघा. गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये तेरेखोलची खाडी आहे असे आपण म्हणतो, पण तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर असून तो गोव्यात आहे. खाडीच्या आपल्या बाजूला गोव्याचा हा छोटा तुकडा. टॉलरन्स थोडा वाढवला की तो पहिला जातो, सीमा सरळ खाडीवर येऊन बसते आणि किल्ला महाराष्ट्रात येतो. अशा जागा कोणतीही पद्धत ओळखत नाही. त्या नकाशा करणाऱ्याला ठाऊक असाव्या लागतात. राज्याची किंवा जिल्ह्याची सीमा जिथे खाडीतून जाते, उदाहरणार्थ बाणकोटला रायगड आणि रत्नागिरी यांच्यामध्ये, विजयदुर्गला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यामध्ये, तिथे खाडीचे पाणी आणि सीमारेषा दोन्ही लेअर एकत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाणी एका टॉलरन्सने आणि सीमा दुसऱ्याने सोपी केली की सीमा काठावरच्या बागेत चढलेली दिसते.

सहावी पायरी: तपासणी

मूळ रेषा बारीक लाल रंगात, सोपी रेषा काळ्या रंगात, एकावर एक. खालच्या पट्टीत प्रमाणाच्या खान्यात १:५००००० लिहा आणि बघा. या प्रमाणावर लाल रेषा काळीच्या बाहेर डोकावत नसेल तर काम झाले. झूम करून, १:५,००० वर जाऊन, ‘अरेरे, किती फरक पडला’ असे म्हणण्यात अर्थ नाही. वाचक तिथवर जाणारच नाही.

किनाऱ्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे एकदा सरका आणि फक्त चार प्रकारच्या जागी थांबा: खाडीची मुखे, वाळूचे पट्टे, टोके आणि बेटे. बेटांचा हिशेब सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचे कुरटे बेट सुमारे ४८ एकरांचे, म्हणजे १९ हेक्टरच्या आसपास. गोल धरले तर व्यास ५०० मीटर. आपल्या पाच लाखांच्या नकाशावर तो एक मिलिमीटरचा ठिपका होतो. शंभर मीटरचा टॉलरन्स लावून तो पाच-सहा बिंदूंचा वेडावाकडा दगड उरतो. त्यापेक्षा बेटाचा पॉलिगॉन या नकाशातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी किल्ल्याचे चिन्ह ठेवावे. सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग, खांदेरी-उंदेरी यांनाही हाच न्याय. लहान प्रमाणावर महत्त्वाची गोष्ट सोपी करण्यापेक्षा तिला चिन्ह देणे केव्हाही बरे, कारण शिवाजी महाराजांचा जलदुर्ग नकाशावर दिसला नाही म्हणून तक्रार येणार हे नक्की.

नंतर ‘चेक व्हॅलिडिटी’ चालवा. स्वतःला छेदणारे पॉलिगॉन सापडले तर ‘फिक्स जॉमेट्रीज’ आहे, पण त्याचा निकाल डोळ्यांनी पाहा. देवबागसारख्या जागी ते पट्ट्याचे दोन तुकडे करून मोकळे होते. तिथे एडिट मोडमध्ये जाऊन दोन-चार बिंदू हाताने सरकवणे जास्त लवकर होते. एखाददुसरीच रेषा बिघडली असेल तर ‘अॅडव्हान्स्ड डिजिटायझिंग’ पट्टीवर एकाच आकृतीवर चालणारे सिम्प्लिफायचे साधनही आहे.

किती बिंदू वाचले याची उत्सुकता असेल तर फील्ड कॅल्क्युलेटरमधले ‘नम पॉइंट्स’ फंक्शन आधी आणि नंतर चालवून बघा. लांबीही मोजा. ती कमी झालेली दिसेल, आणि किनाऱ्याच्या जुन्या-नव्या आकड्यांतले अंतर कुठून आले ते तुमच्याच संगणकावर कळेल.

घाटरस्ते आणि रेल्वे

किनाऱ्यासाठी काढलेला टॉलरन्स रस्त्यांना लावू नका. आंबोली, करूळ, फोंडा, भुईबावडा या घाटांमध्ये वळणांना वळणे लागलेली आहेत आणि शंभर मीटरमध्ये ती पार सपाट होतात. कागदावर घाट म्हणजे सरळ चढणारी रेषा उरते. गाडी चालवणाऱ्याला तिथे वळणे आहेत हेच तर सांगायचे असते. जुने नकाशाकार अशा जागी बिंदू गाळायच्या ऐवजी वळणे थोडी मोठी करून दाखवत, दहाऐवजी चार, पण ठळक. सॉफ्टवेअरमध्ये याला तयार बटण नाही. घाटाचा तुकडा वेगळा कापून तिथली वळणे हाताने काढावी लागतात, आणि पाच लाखांच्या नकाशावर हे तासाभराचे काम आहे.

कोकण रेल्वेचा प्रश्न निराळा. रेषा सोपी केली की सावंतवाडी रोड, कुडाळ, कणकवली ही स्थानके रेषेच्या बाजूला उभी दिसतात, कारण स्थानकांचे बिंदू हलले नाहीत. रेषा स्थानकांवर तोडून मग सोपी करा. तुकड्यांची टोके जागेवरच राहतात, म्हणून स्थानक रुळावर राहते.

सोप्या रेषेचे कोपरे टोचत असतील तर टूलबॉक्समध्ये ‘स्मूद’ आहे. ते कोपरे कापून रेषा गोलाकार करते आणि बिंदू पुन्हा वाढवते, म्हणजे वाचवलेले ओझे परत घेता. पुळणीच्या किनाऱ्यावर बरे दिसते, खडकाळ टोकांवर नाही. मी बहुधा वापरत नाही.

जिथे हात लावू नये

सीआरझीच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधने घालणाऱ्या किनारी नियमन क्षेत्राच्या, कामात सोपी रेषा अजिबात चालत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० आणि २०० मीटरचे पट्टे आहेत. शंभर मीटर इकडे-तिकडे झालेल्या रेषेवरून ते मोजले तर कोणाचे घर पट्ट्यात येईल आणि कोणाचे बाहेर जाईल ते देवच जाणे. त्या कामाचे नकाशे १:२५,००० वर आणि गावपातळीवर साधारण १:४,००० वर असतात, आणि तिथे अधिकृत भरतीरेषाच वापरायची असते. जमिनीच्या मोजणीच्या नकाशांना, सातबाऱ्याशी जोडलेल्या गटांना, क्षेत्रफळ काढायच्या कोणत्याही लेअरला हेच लागू.

याउलट काही कामांत सोपी रेषाच घेणे शहाणपणाचे. शाळेच्या प्रदर्शनासाठी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचा पट्टा दाखवायचा आहे, म्हणजे २२ किलोमीटरहून थोडा जास्त. बावीस किलोमीटरच्या बफरमध्ये, म्हणजे रेषेलगत आखलेल्या पट्ट्यात, शंभर मीटरचा फरक कुठे दिसणार? मूळ रेषेवर बफर काढायला संगणक धापा टाकतो, सोप्या रेषेवर तो लगेच होतो. फक्त तो चित्रापुरता, मच्छीमारांच्या हद्दीच्या वादात पुढे करायला नाही.

नकाशा बाहेर देताना कोपऱ्यात, प्रमाणपट्टीच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ टाका: ‘किनारा व सीमा १:५,००,००० प्रमाणासाठी सोप्या केलेल्या आहेत, टॉलरन्स १०० मीटर; मोजणीसाठी वापरू नये.’ आणि मागणाऱ्याला पीडीएफ द्या. जिओपॅकेज दिले की महिन्याभरात कोणीतरी त्याच रेषेवरून अंतर मोजून तुम्हाला फोन करतो.